थांबण्याची वेळ चाहत्याने का ठरवावी?

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला क्लिपर्स आणि डॅलस मॅव्हेरिक्स यांच्यातील सामना संपायला जेमतेम नऊ सेकंद उरले असताना क्लिपर्सचे प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांनी टाइम-आउट घेतला. त्यांच्या संघाचा विजय निश्चित झालेला होता, त्यामुळे टाइम-आउटचे कारण सुरुवातीला कुणालाच कळेना. रिव्हर्स गुणलेखकांच्या टेबलापाशी गेले, तिथला माइक हातात घेतला आणि प्रतिस्पर्धी संघातल्या चाळीस वर्षांच्या एका खेळाडूकडे हात करून, हा सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक आहे, असे सांगत त्यांनी प्रेक्षकांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवण्याचे आवाहन केले. सगळे सभागृह उभे राहिले. तो खेळाडू डर्क नोवित्स्की होता. काय करावे हे त्याला सुचत नव्हते. त्याने अवघडून हात वर केला आणि सामना पुढे सुरू झाला.

या प्रसंगाची चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी माझे लक्ष एकाच गोष्टीकडे जाते. त्या दिवसापर्यंत नोवित्स्कीने निवृत्ती जाहीर केलेली नव्हती. हा त्याचा शेवटचा हंगाम असणार, असा अंदाज सर्वांनी बांधलेला होता, पण त्याने स्वतः तसे म्हटले नव्हते. रिव्हर्स यांनीही त्याला निरोप दिला नाही, त्याने केव्हा थांबावे हे सुचवले नाही. समोर जे होते त्याचा त्यांनी मान राखला, एवढेच. आपण चाहते नेमके इथेच कमी पडतो, असे मला वाटू लागले आहे.

क्रीडाविश्वात एक वचन पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते: ‘का थांबलास?’ असे लोक विचारतील तेव्हाच थांबावे, ‘का थांबत नाहीस?’ असे विचारण्याची वेळ त्यांच्यावर आणू नये. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते आणि खेळाडूच्या प्रतिष्ठेची काळजी त्यामागे आहे, असा आपला समज असतो. मला मात्र हे वचन मुळातच चुकीचे वाटते. शिखरावर असतानाच थांबा, हा आग्रह खेळाडूच्या भल्यासाठी नसतो, आपल्या आठवणींच्या सोयीसाठी असतो. त्याच्या तारुण्यातली जी प्रतिमा आपण मनात जपलेली असते, तिला ओरखडा उमटू नये अशी आपली इच्छा असते आणि त्यासाठी त्याने स्वतःचे काम, स्वतःची आवड, स्वतःचा दिनक्रम आपल्याला हवा त्या दिवशी सोडून द्यावा, असे आपण सहजपणे म्हणून जातो.

मीही हे म्हटलेले आहे. २०१७-१८ च्या हंगामात मॅव्हेरिक्सने ८२ पैकी अवघे २४ सामने जिंकले. नोवित्स्की तेव्हा ३९ वर्षांचा होता आणि त्याला धावताना पाहणे कठीण झाले होते. संघ आक्रमणासाठी पुढे सरकायचा आणि हा उंच माणूस सर्वांत मागून, दोन्ही पायांना जणू कुणाची परवानगी घ्यावी लागत असल्यासारखा यायचा. बचावात त्याच्यासमोर चपळ तरुण उभा राहिला की पुढचे दृश्य मला ठाऊक असे. त्या दिवसांत मी वारंवार म्हणत असे की याने २०११ चे विजेतेपद मिळवल्यावर, निदान कारकिर्दीतल्या ३०,००० गुणांचा टप्पा गाठल्यावर तरी थांबायला हवे होते. हे मी त्याच्या प्रेमापोटी बोलतो आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तो हंगाम संपल्यानंतर मी आकडे पाहिले. त्याच नोवित्स्कीने त्या वर्षी ७७ सामने खेळले होते, सरासरी १२ गुण मिळवले होते आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेल्या चेंडूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक चेंडू बास्केटमध्ये टाकले होते. म्हणजे तो त्याचे काम करत होता. सहन होत नव्हते ते मला.

उतरती कळा लागली आहे, हा निर्णय बाहेरून देणे किती धोक्याचे असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण करीम अब्दुल-जब्बारचे आहे. २७ मे १९८५ रोजी एनबीएच्या अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्यात बोस्टन सेल्टिक्सने त्याच्या लॉस एंजेलिस लेकर्स संघाचा १४८-११४ असा धुव्वा उडवला. अब्दुल-जब्बार तेव्हा ३८ वर्षांचा होता. त्या दिवशी त्याला १२ गुण आणि अवघे ३ रिबाउंड, म्हणजे फटका चुकल्यावर उसळून आलेले चेंडू, मिळाले. बोस्टनचे खेळाडू त्याच्या शेजारून धावत सुटत होते आणि तो वळेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असे. ‘का थांबत नाहीस?’ हा प्रश्न विचारण्याजोगा दिवस असेल तर तो हाच होता. दुसऱ्या सामन्यात याच माणसाने ३० गुण, १७ रिबाउंड आणि ८ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशी कामगिरी केली. लेकर्सने ती मालिका बोस्टनच्याच मैदानावर जिंकली आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून अब्दुल-जब्बारची निवड झाली. तो तिथेही थांबला नाही. १९८७ आणि १९८८ अशी आणखी दोन विजेतेपदे त्याच्या वाट्याला आली आणि १९८८ च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात, मालिका हातची जाण्याच्या बेतात असताना, शेवटच्या काही सेकंदांत फ्री थ्रोच्या रेषेवर उभे राहून दोन्ही चेंडू शांतपणे आत टाकणारा खेळाडू ४१ वर्षांचा होता. १९८५ च्या त्या पहिल्या सामन्यानंतर त्याने लोकांचे ऐकले असते तर यातले काहीच घडले नसते.

यावर कुणी म्हणेल की अब्दुल-जब्बार हा अपवाद आहे आणि बहुतेकांच्या वाट्याला असे पुनरागमन येत नाही. हे खरे आहे. पण माझा मुद्दा पुनरागमनावर उभा नाही. पुढे काहीच भव्य घडले नाही तरी खेळत राहण्याचा हक्क कमी होत नाही. मायकल जॉर्डनचे उदाहरण त्यासाठी अधिक उपयोगी आहे. १४ जून १९९८ रोजी सॉल्ट लेक सिटीत, सामन्याचे पाच-सहा सेकंद उरले असताना त्याने जो चेंडू मारला आणि मनगट खाली झुकवून हात तसाच हवेत ठेवला, त्याहून देखणा शेवट कुणी रचूही शकला नसता. जानेवारी १९९९ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि ते चित्र जणू चौकटीत बसले. मग २००१ मध्ये तो वॉशिंग्टन विझार्ड्सकडून परत खेळायला उतरला, तेव्हा असंख्य चाहत्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. ती चौकट त्याने स्वतःच्या हाताने मोडली, अशी तक्रार होती. वॉशिंग्टनच्या दोन हंगामांत त्याचा संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही, हेही खरे. पण दुसऱ्या हंगामात, वयाच्या चाळिशीत, तो सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला आणि फेब्रुवारी २००३ मध्ये एका सामन्यात त्याने ४३ गुण मिळवले. चाळिशीतल्या खेळाडूने एका सामन्यात चाळीसहून अधिक गुण मिळवण्याची एनबीएमधली ती पहिलीच वेळ होती. आणि १९९८ चे ते चित्र? त्याला काहीही झालेले नाही. आजही जॉर्डनचे नाव निघाले की तोच हात डोळ्यांसमोर येतो. वॉशिंग्टनची दोन वर्षे ती आठवण पुसू शकली नाहीत, कारण आठवणी आपल्याला वाटतात तितक्या नाजूक नसतात.

नोवित्स्कीकडे पुन्हा वळतो, कारण हे सगळे विचार त्याच्यामुळे सुरू झाले. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग या शहरातून आलेला हा सात फुटी मुलगा १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि लगेचच डॅलसकडे आला. पहिल्या हंगामात तो इतका चाचपडत होता की हा या लीगसाठी बनलेलाच नाही, असे ठामपणे बोलले जात होते. २००६ च्या अंतिम मालिकेत डॅलस २-० असा पुढे होता आणि तिथून सलग चार सामने हरला. २००७ मध्ये ६७ विजयांसह अव्वल ठरलेला संघ पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटकडून बाद झाला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार स्वीकारताना नोवित्स्कीला पराभूताच्या चेहऱ्यानेच समोर यावे लागले. मोक्याच्या क्षणी कच खाणारा, हा शिक्का त्याच्यावर चार वर्षे राहिला. १२ जून २०११ रोजी मायामीत सहावा सामना जिंकून डॅलसने विजेतेपद मिळवले, तेव्हा शेवटचा भोंगा वाजण्याआधीच तो सहकाऱ्यांना सोडून आत निघून गेला. आनंदाश्रू कॅमेऱ्यांसमोर ढाळायचे नव्हते म्हणून. मालिकेत त्याच्या डाव्या हाताच्या बोटाचा स्नायुबंध फाटलेला होता, एक सामना तो अंगात ताप असताना खेळला होता.

मी हे सांगतो आहे ते त्याच्या गौरवासाठी नव्हे. ज्या चाहत्याने त्याच्यासोबत २००६ आणि २००७ काढले, त्यालाच २०११ चा अर्थ कळला. अपयशाच्या वर्षांत आपण त्याला सोडून गेलो नाही, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग म्हातारपणाच्या वर्षांत, जेव्हा अपयश कुणाच्या चुकीमुळे नव्हे तर केवळ काळामुळे येत असते, तेव्हाच आपली सोबत का आटते? तेव्हाच आपल्याला त्याच्या प्रतिष्ठेची एवढी चिंता का वाटू लागते?

त्याचा एका पायावरचा तो फटका आठवा. डाव्या पायावर जोर देऊन तो मागे झुकायचा, उजवा गुडघा ढालीसारखा पुढे उचलायचा आणि चेंडू इतक्या उंचावरून सोडायचा की अडवणाऱ्याचा हात तिथवर पोहोचणेच शक्य नसे. त्याचा गुरू होल्गर गेश्विंडनर याने चेंडूच्या कमानीचे गणित मांडून ही फेक त्याच्याकडून अक्षरशः हजारो वेळा घोटून घेतली होती. तारुण्यात या फटक्यातली उंची आणि मागचा झोक पाहून डोळे दिपत. शेवटच्या हंगामात, एप्रिल २०१८ मधल्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर, त्याचा पाय जमिनीपासून जेमतेम सुटत असे. झोक जवळपास नाहीसाच झाला होता. पण मनगट, बोटे आणि चेंडूची कमान यांत तसूभरही फरक पडलेला नव्हता. उडी गळून पडल्यावर त्या फटक्याचा गाभा उघडा दिसू लागला. वीस वर्षे मी ज्याला त्याच्या उंचीची आणि शरीराची देणगी समजत होतो, ती खरे तर मेहनतीने कमावलेली विद्या होती, हे मला त्या हंगामात कळले. तो २०११ मध्येच थांबला असता तर हे मला कधीच कळले नसते.

आता विरोधी बाजूचा खरा मुद्दा. वयस्क तारा संघात राहिला तर त्याची किंमत संघाला मोजावी लागते, असे म्हटले जाते आणि ते टाळता येण्याजोगे नाही. कोबी ब्रायंटच्या शेवटच्या, म्हणजे २०१५-१६ च्या हंगामात लेकर्सने ८२ पैकी फक्त १७ सामने जिंकले. तो संपूर्ण हंगाम त्याच्या निरोपाभोवती फिरत राहिला आणि संघातल्या तरुणांच्या शिकण्याचे वर्ष त्यात झाकोळले. १३ एप्रिल २०१६ रोजी शेवटच्या सामन्यात त्याने ६० गुण मिळवले, त्यासाठी तब्बल ५० फटके मारले आणि आपण सर्वांनी ते डोळ्यांत पाणी आणून पाहिले. ती रात्र मला हवीच होती. पण तिच्याआधीच्या ८१ सामन्यांचा हिशेब मांडला तर अस्वस्थ व्हायला होते, हे मी मान्य करतो. तरीही हा प्रश्न सोडवण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची आणि संघव्यवस्थापनाची आहे. खेळाडूला किती मिनिटे द्यायची, सुरुवातीच्या पाचांत ठेवायचे की राखीव बाकावरून उतरवायचे, त्याचा पगार किती, हे सारे ठरवण्याची साधने त्यांच्या हाती असतात. नोवित्स्की शेवटच्या हंगामात बहुतेक सामन्यांत बाकावरून उतरला. २०१७ मध्ये मिळू शकणारे सुमारे अडीच कोटी डॉलर बाजूला ठेवून त्याने वर्षाला पन्नास लाख डॉलरचा करार स्वीकारला, जेणेकरून संघाला इतर खेळाडू घेता यावेत. त्या शेवटच्या वर्षी त्याच्या शेजारी लुका डॉन्चिच नावाचा १९-२० वर्षांचा मुलगा खेळत होता आणि संघ उघडपणे त्याच्याभोवती उभा राहत होता. म्हातारा तारा आणि नवा तारा एकाच संघात, कुणाचीही वाट न अडवता राहू शकतात, हे तिथे दिसले. खेळाडूने आपली भूमिका लहान करून घेतली पाहिजे, ही अपेक्षा मला रास्त वाटते. त्याने नाहीसे व्हावे, ही नाही.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे आणि तो थेट माझ्यावर उलटणारा आहे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी नोवित्स्कीने स्वतःच सांगितले की शेवटची दोन वर्षे खेळलो नसतो तर बरे झाले असते; घोट्याची इतकी झीज झाली आहे की मुलांबरोबर फुटबॉलही खेळता येत नाही. हे वाचले त्या दिवशी मी बराच वेळ गप्प होतो. ज्या दोन वर्षांनी मला त्याच्या खेळाचा गाभा दाखवला, त्याच दोन वर्षांची किंमत तो रोज चालताना मोजतो आहे. त्या काळात आपण चाहत्यांनी त्याच्यावर जे प्रेम उधळले, प्रत्येक शहरात उभे राहून ज्या टाळ्या वाजवल्या, त्यांतही ‘अजून थोडे खेळ’ असा एक हट्ट दडलेला होता का? असणारच. म्हणून माझे म्हणणे केवळ ‘लवकर थांब’ म्हणणाऱ्यांविरुद्ध नाही, ‘जाऊ नकोस’ म्हणणाऱ्यांविरुद्धही आहे. आणि दोन्ही गटांत मी स्वतः बसलेलो आहे. त्या घोट्याचा हिशेब फक्त त्यालाच मांडता येतो. तो चुकला असेल तर चुकण्याचा हक्कही त्याचाच.

टिम डंकनने हा हक्क बजावला तेव्हा आपल्याला तोही पचला नव्हता. १९ हंगाम आणि पाच विजेतेपदे यांनंतर ११ जुलै २०१६ रोजी सॅन अँटोनियो स्पर्सने एक छोटेखानी निवेदन काढले आणि तो निवृत्त झाला. निरोपाचा दौरा नाही, पत्रकार परिषद नाही. अनेक चाहते दुखावले गेले, आम्हाला नीट निरोपही घेऊ दिला नाही असे म्हणाले. म्हणजे ब्रायंटने निरोप लांबवला म्हणून नाराजी, डंकनने निरोपच टाळला म्हणून नाराजी, जॉर्डन परत आला म्हणून नाराजी. या तिन्ही तक्रारींत एकच गृहीतक आहे: शेवट कसा व्हावा हे आपण ठरवणार.

आणि ज्यांना शेवट ठरवण्याची संधीच मिळाली नाही, त्यांच्याकडे पाहिले की हे गृहीतक किती पोकळ आहे ते कळते. याओ मिंगला पायाच्या दुखापतींनी वयाच्या तिशीतच, २०११ मध्ये, निवृत्त व्हायला लावले. ख्रिस बॉश फेब्रुवारी २०१६ मध्ये ३१ वर्षांचा होता; शरीरात रक्ताच्या गुठळ्या होत असल्याने त्यानंतर त्याला पुन्हा कोर्टवर उतरता आले नाही, मनात खेळण्याची इच्छा असतानाही. व्हिन्स कार्टरचा शेवटचा सामना ११ मार्च २०२० रोजी झाला, त्याच रात्री करोनामुळे संपूर्ण लीग थांबवली गेली. हा कदाचित आपला शेवटचा सामना असेल, हे त्याला सामना सुरू असतानाच उमगले आणि अतिरिक्त वेळेच्या शेवटच्या सेकंदांत त्याने तीन गुणांचा एक चेंडू आत टाकला. २२ हंगामांचा शेवट असा, कुणाच्याही योजनेशिवाय झाला. यांपैकी कुणाबद्दलही, योग्य वेळी थांबला, असे म्हणण्याची हिंमत आपण करणार नाही.

मग चाहत्याच्या हाती काय उरते? दुःख उरते आणि ते खोटे नाही. ज्या माणसाशी आपण कधी बोललो नाही, त्याच्या निवृत्तीने घशात आवंढा येतो, याची लाज वाटण्याचे कारण नाही. नोवित्स्की २१ हंगाम एकाच संघाकडून खेळला. एनबीएमध्ये एका संघाकडून इतके हंगाम दुसरे कुणी खेळलेले नाही. तो पहिल्यांदा कोर्टवर उतरला तेव्हा मी कोण होतो आणि तो शेवटचा उतरला तेव्हा कोण झालो होतो, यांत एवढे अंतर आहे की ते जोडणाऱ्या फार थोड्या गोष्टी माझ्यापाशी शिल्लक आहेत. घरे बदलली, कामे बदलली, माणसे गेली. त्याची ४१ क्रमांकाची जर्सी तिथेच होती. ती थांबते तेव्हा आपल्या आयुष्याचाही एक तुकडा मागे पडतो. या दुःखावर माझा हक्क आहे. पण ते माझे दुःख आहे आणि ते टाळण्यासाठी त्याने कधी थांबावे किंवा थांबू नये, हे सांगण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

९ एप्रिल २०१९ रोजी डॅलसमध्ये, फीनिक्सविरुद्ध ३० गुण मिळवल्यावर, कोर्टच्या मध्यभागी उभे राहून त्याने अखेर स्वतःच्या तोंडाने सांगितले की घरच्या मैदानावरचा हा आपला शेवटचा सामना होता. लॅरी बर्ड, चार्ल्स बार्कली, स्कॉटी पिपेन यांच्यासारखे त्याच्या लहानपणीचे आदर्श त्या रात्री त्याच्यासाठी आले होते. दुसऱ्या दिवशी सॅन अँटोनियोत आणखी एक सामना होता. निकालाला काहीही महत्त्व नव्हते, डॅलस केव्हाच शर्यतीतून बाद झालेला होता आणि निरोप तर आदल्या रात्रीच झाला होता. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी त्याने झुंज घेतली त्या स्पर्सने सामन्यापूर्वी त्याच्या गौरवाची चित्रफीत दाखवली आणि तो डोळे पुसत राहिला. मग सामना सुरू झाला. त्यात त्याने २० गुण मिळवले आणि त्याबरोबर १० रिबाउंड. गुण मिळावेत म्हणून त्या रात्री सहकारी चेंडू त्याच्याकडे देतच होते. रिबाउंड मात्र कुणी देत नाही. त्यासाठी त्या घोट्यावर भार टाकून, तरुणांच्या कोपरांमध्ये शिरून, बास्केटखाली जागा धरून उभे राहावे लागते. आणि चाळीस वर्षांचा तो माणूस, ज्या सामन्याची कुठेही नोंद घेतली जाणार नव्हती, त्यात दहा वेळा तिथे उभा राहिला.